भाडं फिटलं, आता सायकल कुणाची?

भाडं आणि हप्ता हे दोन शब्द आपल्याकडे फार वेगळ्या सुरांत उच्चारले जातात. भाडं म्हटलं की पैसे गेले. हप्ता म्हटलं की पैसे गेले खरे, पण काहीतरी आपलं होत चाललं आहे, अशी मनाची समजूत असते. भाड्याच्या घरात भिंतीला खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारावं लागतं. कर्जाच्या घराला मात्र पहिल्याच दिवशी तोरण लागतं आणि दारावर नावाची पाटी चढते, मग ते घर पुढची वीस वर्षं बँकेकडे गहाण का असेना! बँकेच्या नोकरीत टेबलाच्या अलीकडे बसून मी या दोन शब्दांमधलं अंतर वर्षानुवर्षं पाहिलं. स्कूटरच्या कर्जाचा शेवटचा हप्ता भरला, की माणूस पावती खिशात घालता घालता विचारी, ‘‘साहेब, आता गाडी माझीच ना?’’ तीच गाडी तो तीन-चार वर्षं रोज फिरवत असे, दसऱ्याला तिला हार घालत असे. तरीही हा प्रश्न असेच.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न आज कितीतरी नोकरदारांपुढे येतो, आणि तो स्कूटरबद्दल नसतो, सायकलबद्दल असतो. आपल्या रविवारच्या वाचनात ब्रिटनमधल्या सायकली कशाला, असं कुणी म्हणेल. पण आज आपल्यापैकी कितीतरी घरांतली मुलं-मुली तिकडच्या रुग्णालयांत, विद्यापीठांत, संगणकाच्या कंपन्यांत कामाला आहेत. आमच्या नात्यातली एक मुलगी तिथे नर्स आहे. परवा तिने फोनवर मला विचारलं, ‘‘काका, तुम्ही बँकेत होतात ना? मग सांगा, वर्षभर पगारातून पैसे कापून घेतले, आणि आता पत्र आलंय की सायकल तुमची नाही. म्हणजे मी भरलं ते काय?’’ प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर शोधताना मला जे सापडलं, ते केवळ सायकलीपुरतं नाही असं वाटलं, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी योजना काय आहे ते पाहू. १९९९ च्या अर्थविषयक कायद्याने ब्रिटनमध्ये एक करसवलत आली. मालकाने कर्मचाऱ्याला कामावर येण्याजाण्यासाठी सायकल वापरायला दिली, तर त्या वापरावर कर्मचाऱ्याला कर नाही. लोकांनी मोटारी सोडून सायकलीवर यावं, हा त्यामागचा हेतू. या सवलतीच्या आधाराने जी व्यवस्था उभी राहिली, तिचं नाव ‘सायकल टू वर्क’. कर्मचारी दुकानात जाऊन सायकल पसंत करतो. हेल्मेट, दिवे, कुलूप हेही त्यात बसतं. पैसे मालक भरतो. मग साधारण बारा महिने कर्मचाऱ्याच्या पगारातून भाडं वळतं होतं. गंमत अशी, की हे भाडं कर कापायच्या आधीच्या पगारातून जातं. तेवढा पगार आपण सोडून दिला, असं कागदोपत्री मानलं जातं. त्यामुळे त्या रकमेवरचा प्राप्तिकर वाचतो आणि नॅशनल इन्शुरन्स नावाची जी वर्गणी तिथे पगारातून कापतात, तीही वाचते.

आणि या सगळ्याला एक विलक्षण अट आहे. सुरुवातीला कुणीही असं म्हणायचं नाही, की वर्ष संपल्यावर सायकल तुझी होईल. असं वचन करारात आलं, की ते भाडं राहत नाही, ती हप्त्यावरची खरेदी होते. आणि खरेदीला सवलत नाही. म्हणजे सायकल घेणाऱ्याला ठाऊक आहे की ती पुढे आपल्याकडेच राहणार, देणाऱ्याला ठाऊक आहे, दुकानदारालाही ठाऊक आहे. पण बोलायचं कुणीच नाही. लग्न ठरलेलं असताना मुलगी ‘दाखवण्याचा’ कार्यक्रम करावा, त्यातलाच हा प्रकार!

आपल्याकडे असं नव्हतं. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना पूर्वी सायकल अग्रिम मिळत असे. बिनव्याजी उचल घ्यायची, स्वतःच्या नावाने सायकल घ्यायची आणि पगारातून फेडायची. सायकल पहिल्या दिवसापासून तुमची, आणि ऋणही तुमचंच. फिटलं की विषय संपला. सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशीनंतर बहुतेक बिनव्याजी अग्रिमं बंद झाली, त्यांत सायकलीचंही गेलं. त्या अग्रिमात करसवलत नव्हती, पण ‘आता सायकल कुणाची’ हा प्रश्नही नव्हता. ब्रिटनच्या योजनेत सवलत आहे आणि तिच्या पोटात हा प्रश्न आहे.

वर्ष संपतं तेव्हा कर्मचाऱ्यापुढे तीन वाटा असतात. सायकल त्या दिवसाच्या बाजारभावाने विकत घ्यायची. किंवा तिच्या वापराचा करार पुढे वाढवून घ्यायचा. किंवा ती परत करायची. यांतल्या पहिल्या वाटेची गोष्ट आधी सांगतो, कारण अनेकांचा पाय सवयीने तिकडेच वळतो.

एका वर्षाच्या वापरलेल्या सायकलीचा बाजारभाव किती? सुरुवातीच्या वर्षांत मूळ किमतीच्या पाचेक टक्क्यांवर सौदा होत असे. २०१० च्या ऑगस्टमध्ये तिथल्या महसूल खात्याने एक तक्ता काढला. पाचशे पौंडांपेक्षा कमी किमतीची सायकल एक वर्षाची झाली की तिची किंमत मूळ किमतीच्या १८ टक्के धरायची, पाचशे किंवा त्याहून जास्त असेल तर २५ टक्के. दोन वर्षांनी हेच आकडे १३ आणि १७ होतात, तीन वर्षांनी ८ आणि १२, चार वर्षांनी ३ आणि ७. सहा वर्षांनी सायकलीला कागदावर किंमतच उरत नाही. मालकाने याहून स्वस्तात सायकल दिली, तर वरचा फरक हा कर्मचाऱ्याचा पगाराबाहेरचा लाभ ठरतो आणि त्यावर कर लागतो.

आता जुन्या सवयीने थोडा हिशेब करू. सायकल हजार पौंडांची आहे. सर्वसाधारण पगाराच्या माणसाचा इंग्लंडमध्ये २० टक्के प्राप्तिकर वाचतो, आणि एप्रिल २०२४ पासूनच्या दराने ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स. म्हणजे एकूण २८ टक्के. (स्कॉटलंडमध्ये प्राप्तिकराचे दर वेगळे आहेत.) हजार पौंडांची सायकल वर्षभरात त्याला ७२० पौंडांना पडली. फारच छान! पण वर्षअखेरीस त्याने उत्साहाने तक्त्याप्रमाणे २५ टक्के भरून ती आपल्या नावावर केली, तर आणखी २५० पौंड गेले. एकूण ९७०. एवढा कागदांचा खटाटोप करून वाचले किती, तर तीस पौंड. दुकानात ‘सेल’ची पाटी लागायची वाट पाहिली असती तरी याहून जास्त वाचले असते.

दुसरी वाट धरली तर चित्र बदलतं. योजना चालवणाऱ्या कंपन्या वाढीव वापराचा करार देतात. त्यात साधारणपणे स्वस्त सायकलीला ३ टक्के आणि महागड्या सायकलीला ७ टक्के अनामत एकदाच भरायची, आणि पुढची तीन वर्षं दरमहा काहीही न देता सायकल वापरायची. एकूण चार वर्षं झाली की तक्त्याप्रमाणे सायकलीची किंमत तेवढीच, म्हणजे ३ किंवा ७ टक्के, उरलेली असते. मग अनामत हीच किंमत समजून सायकल तुमच्या नावावर होते. नको असेल तर सायकल परत द्या आणि अनामत घेऊन जा. आपल्या हजार पौंडांच्या सायकलीला ही अनामत ७० पौंड. एकूण खर्च ७९०. पहिल्या वाटेपेक्षा १८० पौंड कमी, आणि सायकल तीच, रस्ता तोच, पायडलही तेच!

मग लोक पहिल्या वाटेला जातातच का? कारण ‘माझी’ या शब्दाची ओढ. चार वर्षं दुसऱ्याच्या नावाची वस्तू वापरायची, हे आपल्या मनाला रुचत नाही. मी त्या मुलीला म्हटलं, ‘‘अगं, मालकीची घाई करू नकोस. चालवायची आहे ना? मग चालव.’’ स्कूटरवाल्याला मी जे सांगत असे, तेच हे. कर्ज फिटेपर्यंत आर. सी. बुकावर बँकेचा बोजा असतो, म्हणून गाडी कमी पळते असं काही नाही. बोजा हा कागदावर असतो, चाकावर नसतो.

मात्र कागदाला कमी लेखूनही चालत नाही. बोजा उतरवायचं बँकेचं पत्र घेऊन जे आर. टी. ओ.त जायला विसरत, त्यांना पुढे गाडी विकताना घाम फुटत असे. इथेही तसंच आहे. वाढीव कराराच्या काळात सायकल तुमच्या ताब्यात असते, पण तुमची नसते. ती विकता येत नाही, कुणाला भेट देता येत नाही. मायदेशी परतताना सामानात बांधून आणायची म्हटली, तर ती दुसऱ्याचीच वस्तू आणल्यासारखं होईल. आपली जी मुलं दोन-तीन वर्षांच्या व्हिसावर तिकडे असतात, त्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. दुरुस्ती, देखभाल तुमच्याच खर्चाने. पहिल्या वर्षात सायकल चोरीला गेली तर साधारणपणे पगारातली कपात थांबत नाही, म्हणून विमा हवाच. नोकरी मध्येच सुटली तर राहिलेली रक्कम शेवटच्या पगारातून जाते, आणि तीही कर कापून उरलेल्या पगारातून. म्हणजे तेवढ्यापुरती सवलत गेली. आणि चार वर्षांनी कागद पुरा करून घ्यायला विसरू नये. एवढं सांभाळलं, की दुसरी वाट ही रोज सायकल चालवणाऱ्यासाठी उत्तम वाट आहे.

पण रोज न चालवणाऱ्याचं काय? प्रत्येक सायकल काही चालतेच असं नाही. कुणाची नोकरी बदलते आणि नवं कामाचं ठिकाण तीस मैलांवर जातं. कुणाला बाळ होतं. कुणाला पहिल्याच हिवाळ्यात कळून चुकतं, की दुपारी चारला अंधार पडणाऱ्या देशात पावसातून सायकल चालवणं हे आपलं काम नव्हे. २०२० च्या महासाथीनंतर कितीतरी जणांचं कार्यालय घरातच आलं. योजनेच्या नियमाप्रमाणे सायकलीचा निम्म्याहून अधिक वापर कामाच्या प्रवासासाठी हवा. त्या काळात सरकारला ही अट जुन्या सभासदांपुरती काही काळ सैल करावी लागली. अशा सायकली मग जिन्याखाली जातात, गॅलरीत जातात, आणि त्यांच्यावर टॉवेल वाळत पडतात. तरीही वर्ष संपलं की त्यांचे ‘मालक’ पैसे भरून त्या ठेवून घेतात. का? तर इतके भरलेच आहेत, आता थोड्यासाठी कशाला सोडायची! बँकेत आम्ही याला बुडत्या कर्जामागे नवं कर्ज घालणं म्हणत असू.

इथे मला तिसऱ्या वाटेबद्दल बोलायचं आहे. परत करण्याची ही वाट पत्रात अगदी शेवटी छापलेली असते आणि तिच्याकडे सहसा कुणी वळत नाही. माझ्या मते तीच वाट सगळ्यांत महत्त्वाची आहे. त्यासाठी या योजनेच्या दाराबाहेर कोण उभं आहे, ते पाहायला हवं.

ही सवलत पगार सोडण्यावर उभी आहे. आणि ब्रिटनच्या कायद्याप्रमाणे पगार सोडता सोडता तो किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये. नियम चांगला आहे, कामगाराच्या रक्षणासाठीच आहे. पण त्याचा परिणाम काय होतो? जो किमान वेतनावर काम करतो, त्याला सोडायला पगारच नाही. म्हणून त्याला योजनेत प्रवेश नाही. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात पहाटे पाचला येणारी बाई, वॉर्डातून रुग्णांच्या खुर्च्या ढकलणारा माणूस, वृद्धांच्या घरी जाऊन त्यांना आंघोळ घालणारी मुलगी, यांतले कितीतरी जण या रेषेवर उभे असतात. पहिली बस सुटायच्या आधी ज्यांना कामावर पोहोचायचं असतं, ज्यांना सायकलीची खरी गरज, ते बाहेर. आणि आत कोण? ज्याचा पगार जितका मोठा, त्याची सवलत तितकी मोठी. वरच्या टप्प्यात कर भरणाऱ्याचे ४० टक्के प्राप्तिकराचे आणि २ टक्के नॅशनल इन्शुरन्सचे वाचतात. त्याला हजार पौंडांची सायकल वर्षाला ५८० पौंडांना पडते, नर्सला ७२० ला, आणि झाडूवाल्याला पुऱ्या हजाराला. शिवाय २०१९ मध्ये सरकारने नव्याने मार्गदर्शन केल्यावर पूर्वीची हजार पौंडांची प्रचलित मर्यादाही बऱ्याच योजनांतून उठली, आणि महागड्या विजेवरच्या सायकलींना दार उघडलं. विजेच्या सायकलींना माझा विरोध नाही. चढाच्या गावात, गुडघे कुरकुरणाऱ्या वयात ती मोठी सोय आहे. पण सरकारी तिजोरीतून सोडलेल्या कराचा सगळ्यांत मोठा घास ज्याला सर्वांत कमी भूक आहे त्याच्या ताटात पडावा, हे कुठल्याही हिशेबात बसत नाही.

आता मूळ कायद्याकडे पुन्हा पाहा. त्यात पगार सोडण्याची अट नाहीच. तो एवढंच म्हणतो, की मालकाने सायकल वापरायला दिली, ती सोय सर्वसाधारणपणे सगळ्या कर्मचाऱ्यांना खुली असली, आणि सायकल मुख्यतः कामासाठी वापरली, तर कर नाही. पगारातली कपात हा नंतरचा व्यवहार आहे. म्हणजे वर्षअखेरीस परत आलेली सायकल मालकाने स्वतःकडे ठेवली, तेल-पाणी करून घेतली आणि आपल्याच पगारपत्रकावरच्या कमी पगाराच्या माणसाला एक पैसाही न कापता वापरायला दिली, तर कायदा आड येत नाही. ना त्याचा पगार कमी होतो, ना किमान वेतनाचा नियम मोडतो. नवा कायदा नको, नवी समिती नको. त्याच इमारतीच्या तळघरात सायकलींचा एक स्टँड आणि एक वही पुरे.

व्यवहारात मालक हे का करत नाहीत, तेही मला ठाऊक आहे. जुन्या सायकली सांभाळायच्या कुणी? ब्रेक तुटून कुणी पडलं तर जबाबदारी कुणाची? म्हणूनच योजना चालवणाऱ्या कंपन्यांकडे मालकी सोपवून ते मोकळे होतात. मी मालक असतो तर मीही पहिल्यांदा हाच विचार केला असता. पण ज्या संस्था शेकडो संगणक, मोटारी आणि रुग्णांच्या खाटा सांभाळतात, त्यांना वीस सायकलींची वर्षातून दोनदा तपासणी जड जावी, हे पटत नाही. इच्छा असली तर गावातला सायकलवालाही हे काम कंत्राटाने आनंदाने घेईल.

मालकाने मनावर घेतलं नाही, तरी हाती काही उरतंच. चार वर्षांचा करार पुरा होऊन सायकल रीतसर आपली झाली, आणि आपण ती चालवत नसलो, तर ती देऊन टाकावी. तिकडे अशा जुन्या सायकली दुरुस्त करून पुढे देणाऱ्या संस्था आहेत. लंडनची ‘द बाइक प्रोजेक्ट’ निर्वासितांना सायकली देते. आश्रय मागणाऱ्या बहुतेकांना तिथे काम करायची परवानगी नसते, आणि बसचं भाडं हीसुद्धा त्यांच्यासाठी मोठी रक्कम असते. कोल्चेस्टरच्या बाजूची ‘री-सायकल’ ही संस्था जुन्या सायकली आफ्रिकेत पाठवते. तिथे सायकल म्हणजे शाळा आणि घर यांच्यामधलं अंतर.

‘‘पण काका, पैसे मी भरले,’’ असं ती मुलगी म्हणालीच. म्हणावंच तिने. भरलेल्या पैशांचं मोल मी कसा नाकारीन? पण तिने जे भरलं, ते एका वर्षाच्या वापराचं भाडं होतं आणि तो वापर तिला मिळाला. त्याहून जे कमी पडलं, ते देशाच्या तिजोरीने सोसलं. का, तर रस्त्यावर सायकल फिरावी म्हणून. ती सायकल फिरत राहणं ही त्या सवलतीची परतफेड आहे. ती रोज सायकलनेच वॉर्डात जाते, म्हणून मी तिला दुसरी वाट सुचवली. सायकल गॅलरीत असती, तर तिसरी सांगितली असती.

तेव्हा तुमच्या घरातलं कुणी तिकडून फोन करून हाच प्रश्न विचारेल, तर त्याला आधी किमतीचा तक्ता सांगू नका. आधी विचारा, गेल्या महिन्यात सायकल किती दिवस बाहेर काढलीस? उत्तर ‘रोज’ असेल तर वाढीव करार घे म्हणावं, अनामत भर आणि निर्धास्त चालव. उत्तर देताना तो अडखळला, तर परत कर म्हणावं. आणि परत करताना मालकाला दोन ओळी लिही, की ही सायकल आपल्याच इथल्या अशा माणसाला द्या, ज्याला या योजनेत जागा नव्हती. मागणी लेखी असली, की ती फाइलला लागते. आणि फाइलला लागलेला कागद आज ना उद्या कुणालातरी उत्तर द्यायला लावतो, एवढं मी बँकेत नक्की शिकलो.